मांडवातलं नाव

भिवंडीजवळच्या दिघाशीत जाऊन हौसाबाई कुठे राहते विचारलं, तर माणसं एकमेकांकडे बघतील. आक्काचं घर विचारलं, की शेंबडं पोरही हात धरून दारात नेऊन सोडेल. हौसाबाईची आक्का कधी झाली ते तिचा नवरा दामू यालाही आठवत नाही.

आक्का धवलारीण. आगऱ्यांच्या घरी लग्न निघालं की भटजीला सांगतात, बँजोवाल्याला सांगतात, पण पहिला सांगावा जातो तो आक्काला. हळद कांडण्यापासून नवरी सासरच्या वाटेला लागेपर्यंत प्रत्येक विधीचं गाणं असतं. त्याला धवला म्हणायचं, आणि तो आक्काने गायचा. आधी देवांना बोलवायचं, मग त्या घरातल्या गेलेल्या माणसांना, मग जित्यांकडे वळायचं. हे सगळं तिला तिच्या सासूने शिकवलं, चुलीपुढे बसून, भाकरी थापता थापता. शाळा आक्काने चौथीत सोडली होती, आणि सोडली त्याचं दुःख तिने कधी केलं नाही.

गाणं पाठ असून भागत नाही. कुठल्या घरची कुलदेवी कोण, आजा कधी गेला, पहिली बायको होती का, लेक कुठे दिली, हे ठाऊक असावं लागतं. लोक आपण होऊन सांगत. त्याच्याबरोबर नको ते पण सांगत. दामू म्हणायचा, "हिला रेशनच्या रांगेत उभी करा, पुढच्याचं कुळ विचारूनच घरी येईल." पण एका घरचं ऐकलेलं आक्काने दुसऱ्या घरच्या ओट्यावर कधी ठेवलं नाही. म्हणून तर एकमेकांचं तोंड न बघणाऱ्या भावांच्या दोन्ही घरी तिलाच बोलावणं असे.

तिच्या धवल्याची एक रीत होती. हळद कांडायला ज्या सवाष्णी मुसळाला हात लावतील, त्या प्रत्येकीचं नाव गाण्यात यायचंच. माहेर कुठलं, आता चूल कुठे पेटते, कोणाच्या अंगणात. बायका त्या नावाची वाट बघत. कोणाचं राहिलं तर मोठा अपमान. एकदा केसरीनाथच्या भावजयीचं नाव आक्काच्या तोंडून निसटलं, तर ती बाई दोन लग्नसराया आक्काकडे पाठ करून बसत होती. शेवटी तिच्याच मुलाच्या हळदीत आक्काने तिचं नाव तीनदा घेतलं, तेव्हा कुठे ती वळली.

हा केसरीनाथ भिवंडीला लागून असलेल्या कोन गावचा. कल्याण रोडला त्याची जमीन होती. काही गोडाऊनवाल्यांना दिली, उरलेल्या तुकड्यावर घर बांधलं आणि मागच्या अंगणात भाड्याच्या खोल्या काढल्या. त्यातल्या टोकाच्या खोलीत निशा राहायची.

निशा दिघाशीची. आक्काच्या समोर रांगलेली पोर. तिला उरणकडे एका गावात दिली होती. नवरा हरेश्वर, दिसायला चांगला, बोलायला त्याहून चांगला. पण घरात हात उचलायचा, आणि एकदा तर निशाच्या मनगटाचं हाड मोडलं. सासरच्यांनी डॉक्टरला सांगितलं, मोरीत घसरली. मनगट जुळल्यावर निशा एका सकाळी बाजाराची पिशवी घेऊन निघाली ती परत गेली नाही. माहेरी राहिली असती तर तो दुसऱ्या दिवशी दारात आला असता. आलाही. निशाच्या आईने सांगितलं, "आम्हाला ठाऊक न्हाय." साऱ्या दिघाशीने तेच सांगितलं. कोणी कोणाला शिकवलं नव्हतं.

निशा भिवंडीतच राहिली. जिथे अर्धी वस्ती कुठून कुठून पॉवरलूमवर कामाला आलेली, तिथे एका बाईला कोण विचारणार? एका गोडाऊनमध्ये पॅकिंगला लागली. मंगळसूत्र गळ्यात ठेवलं होतं, कारण त्याच्याशिवाय खोली मिळत नाही. तिला एकच गोष्ट हवी होती, हरेश्वरला आपला पत्ता लागू नये. आक्काला पत्ता ठाऊक होता. तिला सगळ्यांचेच पत्ते ठाऊक असत.

दोन हजार आठच्या वैशाखात केसरीनाथच्या मृणालीचं लग्न झालं. केसरीनाथची बायको चंद्रा मोठ्या मनाची. हळदीच्या दिवशी ती मागे जाऊन निशाला घेऊन आली. "खोलीत काय बसलीस? आमच्याकडे मुसळाला हात लाव. तू आमच्या घरातलीच." निशा आढेवेढे घेत आली, बसली, आणि मग खुलली. बायकांच्यात बसून हसायची सवय मोडली होती तिची.

आक्काने देव बोलावले, केसरीनाथचा बाप-आजा बोलावला, मग सवाष्णींकडे वळली. निशाची पाळी आली. आक्काच्या तोंडून आपोआप निघालं:

दिघाशीची लेक गो, निशा तिचं नाव गो,
केसरीनाथाचे अंगणी, कोन तिचं गाव गो.

बायकांनी शेवटची ओळ उचलून धरली. निशाने पदर तोंडाला लावला, पण हसू त्यातून दिसत होतं.

शूटिंगवाला समोरच होता. आक्काला त्याचं काही नवं नव्हतं. लग्नात कॅमेरे येऊन पुष्कळ वर्षं झाली होती. आधी कॅसेट निघे, आता सीडी. ती घरच्या कपाटात जाई, व्याही आले की एकदा लावत, मग धूळ खात पडे. आक्काच्या हिशेबी कपाट म्हणजे मांडवाचाच एक कोपरा. तिथे गेलेलं बाहेर जात नाही, असं ती धरून चालली होती.

लग्नानंतर पंधरवड्याने मृणाली माहेरपणाला आली म्हणून आक्का कोनला गेली. चहा होतो न होतो तोच चंद्राचा मुलगा भाविक आतून आला. कॉम्प्युटरचं शिकलेला, कल्याणला नोकरीला.

"आक्का, इकडं ये. तू आता हिरॉइन झालीस."

"या वयात? आधी दामूला विचारून ये."

त्याने तिला कॉम्प्युटरसमोर खुर्चीत बसवलं. पडद्यावर मांडव आला, उखळ आलं, आणि आक्का स्वतः आली. ती वाकून बघू लागली.

"आवाज घोगरा आलाय रे. सर्दी होती मला."

"मस्त आलाय. नेटवर टाकलाय मी. ऑर्कुटवर आपल्या आगऱ्यांची कम्युनिटी हाय ना, तिथं लिंक दिली. बघ किती जणांनी बघितला!"

"नेटवर म्हंजे कोण बघतं?"

"कोणीपण. अमेरिकेतला माणूस पण."

"त्याला आपल्या हळदीत काय काम?"

"अगं, आपल्या लोकांसाठी टाकलाय. पनवेल, अलिबाग, उरण, जिथं जिथं आपले हायत."

"उरण?" आक्का म्हणाली.

भाविक खाली लोकांनी लिहिलेलं वाचून दाखवत होता. "हे ऐक. 'आक्कांचा आवाज ऐकून आजीची आठवण आली.' हा दुसरा, 'असे धवले आता ऐकायला मिळत नाहीत.' आणि हा तिसरा, 'दिघाशीची निशा म्हणजे हरेश्वरदादाची बायको, आमची वहिनी ना? कोनला असते होय!'" तो हसत हसत पुढे सरकला.

"थांब. ते मागचं परत वाच."

त्याने परत वाचलं. या वेळी हसला नाही. टोकाच्या खोलीतली बाई नवऱ्याला सोडून आलीय एवढं त्याला ठाऊक होतं. नवरा कुठला, हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं, आणि त्यानेही विचारलं नव्हतं.

"काढून टाक," आक्का म्हणाली.

"आक्का, ऐक तर. धवला म्हणणाऱ्या बायका किती राहिल्या? तुझ्या सुना शिकल्या का? उद्या तू नसलीस की कोण म्हणेल हे? म्हणून टाकला मी. पैशाबिशासाठी न्हाय."

हे खरं होतं. आक्काच्या दोन सुना होत्या. एक म्हणे मला लाज वाटते, दुसरी म्हणे मला वेळ नाही. आपलं गाणं आपल्यामागे राहावं असं आजवर आक्काला कोणी म्हटलं नव्हतं. तिलाही ते राहावंसं वाटत होतं. पडद्यावर तिचं तोंड उघडं राहून थांबलं होतं, ते तिने एकदा बघून घेतलं.

"गाणं ठेव. निशाचं काढ."

"मधलं तेवढंच न्हाय निघत. पूर्ण काढायचं, मग कापून परत टाकायचं. लोकांनी लिहिलेलं सगळं जाईल."

"जाऊ दे."

"मी विचारायला पाहिजे होतं, मान्य. पण कोणाला विचारणार? लग्न आमच्या घरचं, गाणं तुझं."

"आणि नाव?"

भाविकने माउस पुढे ओढला. त्याने दोन-तीनदा बटण दाबलं आणि मांडव नाहीसा झाला.

निशाची ड्युटी सुटेपर्यंत आक्का तिच्या उंबऱ्यावर बसून राहिली. निशा आली, आक्काला बघून खूश झाली, स्टोव्ह पेटवायला गेली. आक्काने तिला बसवलं आणि झालं ते सांगितलं. आडवळण घेतलं नाही.

निशाने स्टोव्हची पिन हातातच धरली होती. ती बाजूला ठेवून म्हणाली, "कोणत्या पोराने लिहिलं ते?"

"त्याच्या गावचा कोणीतरी. वाईट मनाने न्हाय लिहिलं. वहिनी म्हणाला."

"वहिनी म्हणाला," निशा म्हणाली. "मग सांगितलंच असंल दादाला."

भाविक दारात येऊन उभा राहिला होता. आत यायला धजत नव्हता.

"काढलंस का?" निशाने विचारलं.

"काढलं."

"आणि कोणी आधीच घेऊन ठेवलं असंल तर?"

"ते..." तो म्हणाला, "ते माझ्या हातात न्हाय, ताई. पोरं मोबाईलवर घेतात, ब्लूटूथने एकमेकांना देतात."

"जा तू. आईला सांग, आज दूध नको."

तो गेला. आक्का म्हणाली, "माझ्या तोंडातून गेलं, बाय. चूक माझी."

"तुमी नाव घेतलंत तेव्हा मला बरं वाटलं, आक्का." निशाचा आवाज होता तसाच होता. "इथं मी खोली नंबर सात. गोडाऊनला पॅकिंगवाली बाई. किती दिवसांनी कोणी माहेर लावून नाव घेतलं. लपायचं म्हणजे काय मेल्यासारखं राहायचं? पण मांडवात घेतलंत ते मांडवातल्यांसाठी. त्याला कशाला?"



निशा उठली आणि खाटेखालची बॅग ओढली. सामान थोडंच होतं. घडी घालता घालता म्हणाली, "जागा बघून ठेवलीय मी आधीच. अशी वेळ येईल म्हणून. आमच्या गोडाऊनची एक बाई हाय, तिची बहीण तिकडं..."

"थांब," आक्का म्हणाली. "मला सांगू नको."

निशाने हातातली साडी बॅगेत ठेवली.

"तो माझ्या दारी येणार. गाणं माझं ना? आणि मला देवीची शपथ घालणार. मला खोटी शपथ घेता येत न्हाय, पोरी. जे पोटात न्हाय ते निघणार कुठून?"

निशा बॅगेची चेन लावून निघाली तेव्हा आक्काने तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि रस्त्यापर्यंत गेली नाही. ती कोणत्या बाजूच्या गाडीत चढते तेही तिला बघायचं नव्हतं.

त्या सराईतलं एकच लग्न उरलं होतं, पडघ्याजवळचं. तिथे आक्काने मुसळाला हात लावणाऱ्या प्रत्येकीला आधी विचारलं, "बाय, तुजं नाव घेऊ? आणि गाव घेऊ का?" बायकांना गंमत वाटली. एक म्हातारी म्हणाली, "काय गो आक्का, आता धवल्यालापण सही-अंगठा लागतो?" सगळ्या हसल्या. शेवटी एकजण खाली मान घालून हळूच म्हणाली, "नाव घ्या, गाव नको." आक्काने कारण विचारलं नाही. यजमानीण मात्र नाराज झाली. अर्धं नाव घेतलं की अर्धा आशीर्वाद, असं ती जेवणं उठेपर्यंत ऐकवत होती.

हरेश्वर आधी कोनला गेला. चंद्राने नंतर आक्काला फोनवर सांगितलं ते असं. तो दारात आला, केसरीनाथला नमस्कार केला, पाणी मागितलं, आणि म्हणाला मी निशाचा नवरा. केसरीनाथने त्याला खुर्ची दिली. निशा खोली सोडून गेली होती, कुठे ते केसरीनाथला ठाऊक नव्हतं. म्हणून त्याने गोडाऊन कुठलं, शिफ्ट कुठली, मुकादम कोण, सगळं सांगितलं.

"मी म्हटलं, तोंडाला कुलूप का न्हाय लावलंत?" चंद्रा फोनवर सांगत होती. "तर म्हणतात, नवरा हाय तो, खोटं कसं बोलू? मी म्हटलं, वा! खरं बोलायला यंदाच शिकलात? जमिनीचा भाव सांगताना कुठं जातं ते?"

गोडाऊनवर त्याला कळलं, ती काम सोडून गेलीय.

मग तो दिघाशीत आला. दुपारची वेळ होती. दामू शेतावर, सुना आत. आक्का ओट्यावर भिजवलेले वाल सोलत बसली होती. हरेश्वर चप्पल काढून वर आला आणि पाया पडला.

"आक्का, पाणी द्याल?"

पाण्याला नाही म्हणता येत नाही. सुनेने आणून दिलं. तो पायरीवर बसला, पुरुष सहसा बसत नाहीत इतका खाली.

"माझं चुकलं," तो म्हणाला. "दारू सोडली. आई आजारी हाय. घर उघडं पडलंय. मी तिला मारायला न्हाय आलो, न्यायला आलोय. तुमी सगळ्यांच्या घरचं जाणता. कुठं हाय ती?"

खरं असेलही. डोळ्यांत पाणी होतं त्याच्या. ते पाणी खरं की खोटं हे ठरवायचं काम आक्काचं नव्हतं.

"मला ठाऊक न्हाय."

त्याने खिशातून कागदाची पुडी काढून उलगडली. "येताना वज्रेश्वरीला उतरलो. देवीचा अंगारा हाय. हातात घ्या आणि सांगा."

आक्का उठली. मोरीवर जाऊन वालाचे हात धुतले, पदराला पुसले, आणि येऊन उजवा तळवा पुढे केला. त्याने अंगारा ठेवला.

"निशा कुठं हाय ते मला ठाऊक न्हाय," आक्का म्हणाली. "ठाऊक असतं तरी तुला सांगितलं नसतं. दोन्ही गोष्टी देवीसमोर सांगते."

त्याने रिकामी पुडी चुरगळली. मग म्हणाला, "मग गाण्यात कशाला सांगितलं साऱ्या जगाला?"

त्याने मोबाईल काढला आणि बटण दाबलं. एवढ्याशा पडद्यावर केसरीनाथचं अंगण आलं. बारीक, चिरका आवाज, पण आक्काचाच. दिघाशीची लेक गो. पदराआडून हसणारी निशा.

"पुसून टाक ते."

"माझी बायको हाय ती."

"असंल. पण हसली ती मांडवात हसली. तुला बघून न्हाय हसली."

हरेश्वरचं तोंड एकदम आवळलं. तो उभा राहिला. आत सून दाराला येऊन थांबली होती, शेजारच्या ओट्यावर दोघी बायका उभ्या होत्या. त्यांच्याकडे बघून त्याने आवाज खाली आणला. "येतो, आक्का," म्हणाला. मोबाईल बंद केला, पण काही पुसलं नाही. तो खिशात टाकून, चप्पल घालून एसटीच्या थांब्याकडे गेला.

आक्काने अंगारा कपाळाला लावला, उरलेला देव्हाऱ्यात ठेवला, आणि वाल पुढे ओढले.

संध्याकाळी निशाची आई आली. ती येऊन समोर बसली आणि तिनेही सोलायला घेतलं.

"गेला?"

"गेला."

"परत येईल?"

"येईल. आला तर येईल. सांगायला माझ्याकडं काय हाय?"

निशाच्या आईने दोन-चार वाल सोलले. "काल फोन आलता तिचा," ती म्हणाली. "कामाला लागली."

"जेवते ना नीट?"

"जेवते म्हणाली."

"झालं तर," आक्का म्हणाली, आणि टरफलांचं ताट तिच्या बाजूला सरकवलं.